भाड्याचा डगला

रत्नागिरीला थंडी पडते, असे आम्ही म्हणतो. म्हणजे काय, तर जानेवारीत एखाद्या पहाटे पारा सोळा-सतरावर उतरतो, शेजारचे वकीलसाहेब कानाला मफलर गुंडाळून मांडवीपर्यंत फिरून येतात आणि ‘यंदा मोहोर चांगला धरणार’ अशी भाकिते ओटीओटीवर ऐकू येतात. दहा वाजले, की मफलर खुंटीवर आणि पंखा सुरू! आमच्याच जिल्ह्यातले दापोलीकर या थंडीला हसतात. त्यांच्याकडे पारा कधीमधी दहाच्याही खाली जातो, म्हणून ते स्वतःला मोठे हिमालयाचे शेजारी समजतात.

सांगायचा मुद्दा हा, की अशा गावातल्या घरात लोकरीचे कपडे नसतात आणि असले तरी टिकत नाहीत. आमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. चार महिने भिंतींना ओल, चपलांना बुरशी आणि कपाटातल्या रेशमी साड्यांना तो ओळखीचा कुबट वास. लोकरीच्या कपड्याला तर आणखी एक वैरी. कसर! लोक समजतात, की तो करडा पतंग लोकर खातो. तो बिचारा काहीच खात नाही. खाते ती त्याची अळी, आणि तिलाही स्वच्छ लोकरीपेक्षा घामाने किंवा आमटीच्या थेंबाने माखलेली जागा अधिक आवडते. म्हणून कॉलर आणि काख आधी जाते. धुतल्यावाचून ठेवलेला स्वेटर म्हणजे तिला दिलेले जेवणाचे आमंत्रण.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की २०२२ च्या मे महिन्यात आम्ही मनालीला जायचे ठरवले. कोरोनाची दोन वर्षे घरात काढलेली. मुले कंटाळली होती आणि आम्हीही. माणसे पाच: हे, मी, तेरा वर्षांचे चिरंजीव, आठ वर्षांची धाकटी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंनी ‘तुम्ही या जाऊन, मी घर सांभाळते’ असे म्हणावे, अशी आमची अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, “मी येणार. मला बर्फ पडताना ऐकायचाय.”

पाहायचा नव्हे, ऐकायचा. यामागे एक गोष्ट आहे.

आमचे मामंजी १९६३ साली सैन्यात गेले. बासष्टच्या चीनच्या युद्धानंतर भरती जोरात होती. पुरवठ्याच्या खात्यात असल्यामुळे बंदूक त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. मात्र लडाखातले हिवाळे पुरेपूर आले. रजेवर घरी यायचे ते नेमके पावसाळ्यात. कौलांवर धबाधबा पाऊस कोसळत असायचा, बोललेले ऐकू यायचे नाही. तेव्हा ते सासूबाईंना सांगायचे, की तिकडे बर्फ पडतो तो मुळी आवाजच करत नाही. रात्रभर पडतो आणि सकाळी दार उघडेनासे होते तेव्हा कळते. कोकणातल्या बाईला हे पटावे कसे? आभाळातून काही पडते आणि आवाज होत नाही? त्या म्हणायच्या, “तुम्ही थापा मारता.” हा वाद दोघांत चाळीस वर्षे चालला. २००९ साली मामंजी गेले आणि वाद तसाच राहिला.

मामंजींचा एक ओव्हरकोट माडीवरच्या ट्रंकेत होता. हिरवट खाकी रंगाचा, पितळी बटणांचा, आणि वजनाला एखाद्या बोचक्याएवढा. दसरा झाला, की सासूबाई तो दोन दिवस कडक उन्हात घालायच्या, डांबरगोळ्या बदलायच्या आणि परत घडी करून ठेवायच्या. या प्रवासाला आपण तोच घालणार, हे त्यांनी मनाशी धरलेले होते. पण मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमच्या माडीची कौले उडवली, तेव्हा त्या ट्रंकेवर पाणी आले होते. गडबडीत ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. आता कोट बाहेर काढला तर अस्तर हातात आले. खांद्याला चाळणी झाली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. बटणे तेवढी कापून त्यांनी एका डबीत ठेवली.

तेव्हा पाचही जणांसाठी कपडे मिळवणे आले.

मी प्रथम राम आळीत गेले. दुकानदाराने माझ्याकडे दयेने पाहिले आणि विचारले, “वहिनी, रेनकोट दाखवू?” त्याचेही बरोबरच होते. मे महिन्यात रत्नागिरीत लोकर मागणे म्हणजे पौषात हापूस मागण्यासारखे. खरी वेळ डिसेंबर-जानेवारीची. तेव्हा कोल्हापूर-पुण्याला तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. १९५९ नंतर जे तिबेटी निर्वासित भारतात आले, त्यांच्या वसाहती कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोडला आहेत, आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळही आहे. हिवाळा आला, की ही मंडळी लुधियानाहून माल उचलतात आणि गावोगाव विकतात. आपण त्यांना सर्रास ‘नेपाळी’ म्हणतो आणि तेही बिचारे हसून घेतात. भगिनींनो, मे महिन्यात थंड गावी जायचा बेत असेल, तर आतले लोकरी कपडे आदल्या डिसेंबरात घेऊन ठेवा. मला ही अक्कल उशिरा आली.

मग पुण्याच्या वन्संचा फोन आला. त्या म्हणाल्या, “विकत कशाला घेतेस? इकडे भाड्याने मिळतात सगळं!” आणि ते खरे आहे. पुण्या-मुंबईला आता परदेशी किंवा हिमालयात जाणाऱ्यांना जाकिटे, बूट, टोप्या भाड्याने देणारी दुकाने झाली आहेत. वन्संनी एका दुकानात चौकशी केली. दहा दिवसांचे एका डगल्याचे बाराशे रुपये, अनामत दोन हजार, बूट वेगळे. पाच माणसांचे डगल्यांचे भाडेच सहा हजार झाले आणि दहा हजार अडकून पडणार ते निराळेच. शिवाय मापाला कोण जाणार? वन्संच्या मापाने आमच्या ह्यांचा डगला आणावा, तर ह्यांना बटण लागणार नाही आणि वन्संना ते बोलून दाखवायची सोय नाही.

हिशेब करता करता ह्यांच्या डोक्यात एक चांगली गोष्ट आली. (बँकेत असल्याचा संसाराला क्वचित होणारा हा उपयोग.) दहा दिवसांपैकी बर्फात आपण किती दिवस असणार? एक, फार तर दोन. मनाली गाव सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. जूनच्या सुरुवातीला तेथे दिवसा साधा स्वेटरही जड होतो. खरी थंडी रोहतांगच्या खिंडीत, ३,९७८ मीटरवर. दर हजार मीटर चढले, की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे भाट्याच्या किनाऱ्यावर तेहेतीस अंश धरले, तर तितक्या उंचीवर ते सात भरतात. आणि वारा आणखी कमी करतो तो वेगळा. तेव्हा एका दिवसाच्या थंडीसाठी दहा दिवसांचे भाडे का भरा? डगला तिथेच, त्या एका दिवसापुरता घ्यावा. मनालीहून रोहतांगच्या वाटेवर तसली दुकाने रांगेने आहेत, हे शाळेतल्या एका सहकारी बाईंनी सांगितले. त्या जाऊन आल्या होत्या.

सगळ्यांना पटले. सासूबाईंना सोडून.

“दुसऱ्याच्या अंगातलं मी घालायची नाही,” त्या म्हणाल्या. “कोण कुठला, काय खाल्लंन्, काय शिंकला. दोन वर्षं भाजीची पिशवीसुद्धा धुऊन घेतलीत ना रे तुम्ही? मग आता डगला कसा चालतो?”

याला उत्तर नव्हते. तो डगला रोज एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातो आणि रोज काही धुतला जात नाही, हे मलाही ठाऊक होते. तरी मी वकिली केली. म्हटले, “आई, आपल्याकडे काय भाड्यानं येत नाही? लग्नात सतरंज्या, ताटं, पातेली येतात. गॅदरिंगला आपल्या चिरंजीवांना मावळा केला, तो अंगरखा ड्रेसवाल्याकडचाच होता. नमनातल्या राजाचा मुकुट घरचा असतो का?”

सासूबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “मावळ्याचा अंगरखा शर्टावरून घातला होता.”

बोलणे तेवढ्यावर थांबले, पण त्या रात्री मला वाटले, की बाईंनी नकळत नेमका नियम सांगितला. भाड्याचे ते वरून; अंगाला लागेल ते आपले. हा सोवळ्याचा नियम वाटतो, पण थंडीचे शास्त्रही हेच सांगते. ऊब डगल्यात नसते. ऊब आपल्या अंगाची असते आणि ती कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा धरून ठेवते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक बरे. अंगालगतचा कपडा सुका हवा. सुती बनियन घामाने भिजली, की अंगावरच गार पडते. लोकर ओली झाली तरी पुष्कळ वेळ ऊब राखते. आणि सगळ्यांत वरचा डगला वारा आणि ओल अडवण्यासाठी. तेव्हा तो वरचा पहारेकरी भाड्याचा असला तर काय बिघडले?

त्याप्रमाणे यादी झाली. आतले गरम कपडे पाच जोड, लोकरी मोजे माणशी दोन जोड, हातमोजे आणि कानटोप्या हे विकत. मफलर वकीलसाहेबांनी आपला दिला (धुऊन परत करण्याच्या बोलीवर). डगले आणि बूट तेवढे भाड्याचे. सासूबाईंसाठी शाल, स्वेटर आणि वर घोंगडी, अशी त्यांची स्वतःची योजना होती. आम्ही वाद घातला नाही.

आंबा आटोपता आटोपता आम्ही निघालो. पाच-सहा कलमांचा शेवटचा आंबा एका पेटीत भरला होता. मंगला एक्सप्रेस रत्नागिरीहून थेट दिल्लीला निजामुद्दीनला जाते. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी सुरू झाली नसती, तर ही पेटी आणि सासूबाई दोन्ही आधी मुंबईला न्याव्या लागल्या असत्या. परतीचे तिकीट मात्र १० जूनच्या आधीचे काढले होते. त्या वर्षी त्या दिवसापासून कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागणार होते आणि मग गाड्या सावकाश धावतात. दिल्लीहून रात्रीच्या बसने मनाली.

मनालीबद्दल मी लिहीत बसत नाही. देवदार, बियास नदी आणि मॉल रोड यांच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे. रोहतांगचे मात्र सांगायला हवे. २०२० च्या ३ ऑक्टोबरला अटल बोगदा सुरू झाला, लांबी नऊ किलोमीटरच्या वर. आता लाहौलात जाणाऱ्याला खिंड चढावी लागत नाही. दहा-पंधरा मिनिटांत तो डोंगराच्या पलीकडे. पण बर्फासाठी खिंडीत जायचे, तर गाडीला परवाना लागतो आणि तो रोज ठरावीक गाड्यांनाच मिळतो. मंगळवारी पर्यटकांना रस्ता बंद. आमच्या गाडीवानाने बुधवारचा परवाना काढला आणि सांगितले, “सुबह चार बजे.”

पहाटेच्या काळोखात, गाव सोडून थोडे वर गेल्यावर रस्त्याच्या कडेला दिवे दिसू लागले. लाकडी आणि पत्र्याची खोपटी, प्रत्येकावर मोठा आकडा रंगवलेला, आणि आत बाहेर टांगलेले डगले! जांभळे, पोपटी, शेंदरी, निळे. जणू नाटक कंपनीचा पडद्यामागचा भाग. गाडीवानाने सगळी दुकाने ओलांडून एका ठरावीक आकड्यापुढे गाडी उभी केली. यात त्याचे काहीतरी असते, हे उघड आहे. त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. पण आपण दार उघडून शेजारच्या दुकानात भाव विचारायला पाय चालतात, एवढे लक्षात ठेवावे. आम्ही ते केले नाही. झोपेत होतो.

भाव डगला आणि गमबूट मिळून माणशी तीनशे. अनामत नाही, गाडीचा नंबर वहीत लिहून घेतात, तीच अनामत. दुकानातली बाई हिमाचली, डोक्याला रंगीत रुमाल बांधलेली, चाळिशीची असेल. नजरेनेच माप घेत होती. ह्यांच्याकडे एकदा बघून तिने सर्वांत मोठा, पोपटी रंगाचा डगला काढला आणि तो बसला. मी मनात म्हटले, वन्सं, बघा!

मी हात घालून डगले तपासू लागले. चेन नीट लागते का, अस्तर ओले आहे का, खिसा फाटका आहे का. आदल्या दिवशीचा ओला डगला सुकलेला नसतो, तो बाहेरून कळत नाही. बाहीत कोपरापर्यंत हात घालावा लागतो. एक तसा निघाला. बाईने न बोलता बदलून दिला. चिरंजीवांच्या डगल्याच्या खिशात गुजराती अक्षरांचे खाकऱ्याचे पाकीट सापडले, अर्धे भरलेले. ते त्याने आजीपासून लपवले.

सासूबाई गाडीतच बसून होत्या. दुकानवाल्या बाईने काचेवर टिचकी मारली. “माताजी, ऊपर हवा बहुत है.”

“मला घोंगडी आहे,” सासूबाई मराठीत म्हणाल्या.

बाईला काय समजले कोण जाणे. तिने एक डगला आणला, तांबूस रंगाचा, त्यातल्या त्यात नवा, आणि तो उलटा करून आतली बाजू सासूबाईंना दाखवली. जसा आपल्याकडे भांडेवाला पातेले आतून दाखवतो तसा. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला, वासही घेतला. मग आपल्या स्वेटरवर शाल घेतली, शालीवर एक धुतलेले नऊवारी अर्धे लुगडे गुंडाळले आणि त्याच्यावरून डगला घातला. “अंगाला लागत नाही ना, मग चालेल,” असे स्वतःलाच सांगितले. मी पेटीतले दोन आंबे काढून त्या बाईच्या हातावर ठेवले. तिने ते नाकाशी नेले आणि तेथेच, डगल्यांच्या गर्दीत, डोळे मिटून उभी राहिली.

आमची चूक झाली ती धाकटीच्या बुटांत. डगले मी इतके निरखून घेतले, पण गमबूट काळोखात एकदा पायात घालून पाहिले आणि बसले म्हणून पुढे झालो. बूट वाकवून पाहायचे असतात. टाच आणि चवडा यांच्यामध्ये जेथे रबर रोज मुडपते, तेथे चीर पडते, आणि सरळ धरलेल्या बुटात ती दिसत नाही. आत हात घालून पाहिला असता, तर ओलही लागली असती.

वर पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या मातकट भिंती आणि पुढे पांढरे मैदान. त्या मैदानावर शेकडो माणसे जांभळी, पोपटी, शेंदरी होऊन फिरत होती, प्रत्येकाच्या पाठीवर दुकानाचा आकडा. गुजराती, बंगाली, मद्रासी, आम्ही. कोण मोठा अधिकारी आणि कोण कारकून, काही ओळखायला येत नव्हते. सगळे एकाच खुंटीवरून उतरलेले.

हवा विरळ होती. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्केच असतो. दहा पावले चाललो, की धाप. सासूबाईंना मी गाडीजवळच एका खुर्चीवर बसवले. तेथे खुर्च्याही भाड्याने मिळतात! मुले बर्फात धावली. अर्ध्या तासाने धाकटी आली आणि म्हणाली, “आई, माझा डावा पाय कुठे गेला?”

तिला पाय लागतच नव्हता. बूट ओढून काढला, तर मोजा चिंब आणि बोटे पांढरीफटक. माझा जीव उडाला. हे म्हणाले, चोळ. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, बर्फानेच चोळा, बर्फाला बर्फ उतारा. मी वाकले आणि तेवढ्यात सासूबाईंनी माझा हात झटकला.

“चोळू नको! कातडी सोलेल. हे सांगायचे, तिकडे गारठलेल्याला कधी चोळत नसत.”

त्यांनी डगल्याची चेन सरकन् खाली ओढली, लुगड्याचा पदर सोडला, शाल बाजूला केली आणि ते ओले गार पाऊल थेट आपल्या पोटाशी घेतले. वरून डगला मिटला. धाकटी त्यांच्या मांडीवर आडवी, तोंड त्यांच्या गळ्यापाशी. डगल्याची कॉलर, कोणाकोणाच्या घामाची आणि तेलाची, सासूबाईंच्या गालाला घासत होती. त्यांचे तिकडे लक्षही नव्हते. नंतर डॉक्टरांनीही सांगितले, की त्यांनी केले तेच बरोबर: ओले काढा, कोरडे करा, अंगाच्या उबेत धरा, चोळणे आणि बर्फ लावणे दोन्ही वाईट.

दहा मिनिटे गेली असतील. मला ती तास वाटली. मग धाकटी रडायला लागली, की पायाला मुंग्या आल्या, दुखते. सासूबाई म्हणाल्या, “रड. दुखतंय म्हणजे आलाय पाय.” गाडीवानाने सुके मोजे पायात घालायला लावले आणि त्यावर एक प्लास्टिकची पिशवी चढवून मग बूट घातला. ही युक्ती त्याला आधीच ठाऊक होती. म्हणजे फुटके बूट ही तेथे काही नवलाची गोष्ट नसावी. मी त्याला विचारले, सकाळीच का नाही सांगितलेस? तो ओशाळवाणे हसला.

निघायची तयारी करत होतो आणि ढग खाली आले. डोंगर दिसेनासा झाला. मग काहीतरी बारीक, पांढरे, तिरके उतरू लागले. गाडीवान म्हणाला, जूनमध्येही वर असे पडते अधूनमधून. लोक ओरडले, मोबाईल वर झाले. सासूबाई मात्र गर्दीकडे पाठ करून चार पावले पलीकडे गेल्या. मी मागे गेले. त्यांनी डगल्याचे टोपडे मागे टाकले, कानटोपी काढली, मफलर सोडला. पांढऱ्या केसांवर पांढरे साचू लागले. मी म्हटले, “आई, सर्दी होईल.” त्यांनी हात वर करून मला गप्प केले.

बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “नाहीच गो येत आवाज.”

आणि थोड्या वेळाने, “उगाच भांडले मी.”

मी काही बोलले नाही. त्यांनी स्वतःच कानटोपी घातली आणि आम्ही गाडीत बसलो.

परतताना दुकानाशी थांबलो. मी फुटका बूट वाकवून बाईला दाखवला. तिचा चेहरा पडला. तिने धाकटीचा पाय आपल्या हातात घेऊन पाहिला, शंभर रुपये परत केले आणि तो बूट आमच्या देखत सुरीने चिरून मागच्या ढिगाऱ्यावर फेकला, म्हणजे उद्या कोणाच्या पायात जायला नको. मला ते पैशांपेक्षा आवडले. तक्रार करावी, शांतपणे, पण करावीच. आंबे संपले का, असे मी विचारले, तेव्हा तिने एक जपून ठेवलेला दाखवला. घरी मुलगा आहे म्हणाली.

डगले उतरवले. खुंटीवर गेले, तेव्हा ते पुन्हा कोणाचेच नव्हते. दुपारच्या गाड्या यायला लागल्या होत्या. तांबूस डगला आमच्या देखतच एका ठेंगण्या बंगाली बाईंच्या अंगावर चढला.

दोन दिवसांनी निजामुद्दीनला मंगलात बसलो. कोकणात पाऊस लागल्याचे फोनवर कळले होते. जेवणे झाली आणि सासूबाई पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. पिशवी उपडी केली, पर्स पाहिली, शाल झटकली.

“काय हरवलं?” मी विचारले.

“आवळासुपारीची डबी. डगल्याच्या खिशात राहिली वाटतं.”

चिरंजीव खाकऱ्याचे पाकीट आठवून हसायला लागला. मग त्याला ते कबूल करावे लागले. आजी त्याला रागावतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, “चांगला होता का रे?”

“मऊ पडला होता.”

“तरी,” सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीशी सरकून बसल्या. “माझी सुपारी ताजी आहे. त्या बंगालीणबाईंना आवडायला हवी.”